आठवड्यातून एकदा

“साहेब, पेट्रोलच घ्या,” जुन्या गाडीचं बॉनेट बंद करत युसूफभाई मेकॅनिक म्हणाले.

सबनीसांच्या हातात एकाच एसयूव्हीची दोन पत्रकं होती, एक पेट्रोलचं, एक डिझेलचं. “टिकायला डिझेलच बरं, असं सगळे म्हणतात.”

“टिकतं, पण पळवलं तर. नुसतं मंडईपर्यंत नेऊन आणलं की सायलेन्सरच्या जाळीत काजळी धरते आणि इंजिन मान टाकतं. आठवड्यातून एकदा तरी हायवेला साठ-सत्तर किलोमीटर सलग पळवायला लागतं. तुमची ही तर दिवाळीपासून तीनशेसुद्धा चालली नाही.”

सबनीसांची बायको गेल्यापासून गाडीला मंडई आणि दवाखाना सोडून तिसरा रस्ता माहीत नव्हता.

“दर आठवड्याला? एखादा चुकला तर?”

“चुकवायचा नाही. डिझेलला नेमानं बाहेर काढावंच लागतं.”

सबनीसांनी पेट्रोलचं पत्रक घडी घालून बाजूच्या टायरवर ठेवलं.

“मग डिझेलच घेतो,” ते म्हणाले. आणि हात पुसणाऱ्या युसूफभाईंकडे न बघता त्यांनी विचारलं, “रविवारी तुमचं गॅरेज बंद असतं ना?”