मातीची मागणी

निनादने यंत्राची सळई तिसऱ्यांदा मातीत खुपसली आणि पडद्यावर तीच यादी उमटली. जंगल पुन्हा उभं राहायला या उताराला काय काय हवंय, ते माती क्रमाने सांगत होती. जांभूळ, अंजनी, कारवी ही नावं खाली होती. सगळ्यात वर होतं, ‘माणूस, एक कुटुंब.’

प्रकल्प व्यवस्थापक म्हणून रुजू होऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याने साहेबांना फोन लावला.

"सर, यंत्र बिघडलंय बहुतेक."

"कालच तपासलंय ते. माती मागेल ते मागवायचं, शंका काढत बसू नकोस. आज मागणी गेली नाही तर यंदाची लागवड हुकली," म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

निनादने फॉर्म उघडला. प्रजातीपुढे त्याने ‘माणूस’ लिहिलं. पुढचा रकाना रोपवाटिकेच्या नावाचा होता आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. इथे माणसांना राहायला बंदी आहे, अशी पाटी तर त्याने सकाळीच फाटकावर वाचली होती.

खड्डे खणणाऱ्या भागाबाई ढेबे जवळ आल्या. "काय मागतीया माती, सायेब?"

त्याने चाचरत वाचून दाखवलं. दहा पावलं चालून भागाबाईंनी वाळकं गवत पायाने सारलं. खाली चुलीचे तीन काळे दगड होते.

"आमाला हितनं उठवलं, तवा कागदावर अंगठा घेतला व्हता," त्या म्हणाल्या. "आता कुठं लावू?"