सर्वपित्रीचं पान

"अहो आई, हे काय केलंत!"

शब्द अनघाच्या ओठांवर आले आणि तिथेच थिजले. कोठडीची फरशी ओली होती. भिंत खालून हात पोचेल तिथवर लख्ख पुसलेली. कुणी भिंतीला हात लावू नये म्हणून समोर बांधलेला दोर सोडून नीट गुंडाळून ठेवलेला. आणि सासूबाई, प्रेमलाबाई, मांडी घालून केळीच्या पानावर खीर-वडे वाढत होत्या.

"जिथे पान मांडायचं ती जागा नको का पुसायला?" त्या म्हणाल्या. "कुणी मेल्याने कोळशाने भिंत बरबटवली होती. घासून काढली. आज सर्वपित्री. बाबा पहिल्यांदाच माझ्या हातचं जेवणार!"

अनघाने भिंतीवरून हात फिरवला. काहीच उरलं नव्हतं.

लढाईत जपान्यांनी हिंदुस्थानी शिपाई कोंडले, ती ही सिंगापूरची बरॅक. प्रेमलाबाईंचे वडील इथेच गेले. ते बोटीवर चढले तेव्हा लेक आईच्या पोटात होती. "मी झाले हे बाबांना कळलं असेल का गं?" हा एकच प्रश्न बाईंनी जन्मभर भेटेल त्याला विचारला.

जुन्या वास्तू जपणं हे अनघाचं कामच. भिंतीवरचा चुना जपून उतरवताना तिलाच ते सापडलं होतं. कोळशाने काढलेला पाळणा, खाली 'चि. प्रेमला', त्याखाली बाबांचं नाव. त्या चित्रापायी तर बरॅक पाडायची थांबली. इथे स्मारक होणार होतं, शाळेची मुलं येणार होती. चित्रावर काच उद्या बसायची होती. "आई, या तर खरं, बाबांच्या हातचं काहीतरी दाखवते," एवढंच सांगून तिने सासूला पुण्याहून बोलावलं. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. धडपडतील म्हणून त्यांना इथे बसवून ती गेटवर पास आणायला गेली, आणि तेवढ्यात हे!

"हं, दाखव आता," पानाभोवती पाणी फिरवून प्रेमलाबाई म्हणाल्या. "कुठेय ते बाबांच्या हातचं?"

अनघाचा हात पर्समधल्या मोबाइलवर गेला. फोटो होता त्यात. पण फोटोतही हीच भिंत होती, हीच गजांची खिडकी. फोटो दाखवला की आपण काय पुसलं ते बाईंना कळणार. या वयात? जीव द्यायच्या त्या. छे, छे!

"आई, चुकलंच माझं," ती म्हणाली. "ते दुसऱ्याच कुणाचं निघालं. बाबांचं इथे काही नाही."

ओला नॅपकिन प्रेमलाबाईंनी बादलीत पिळला. काळं पाणी निथळलं.

"वाटलंच होतं मला," त्या म्हणाल्या. "मी झाले हे त्यांना कळलंच नाही."