निळं ऊन

“रंग चुकला तर घरच्याच माणसानं सांगावं, बाहेरचे नुसते हसतात,” गुरुजी म्हणायचे. म्हणून चित्रकार प्रत्येक चित्र आधी बायकोला दाखवायचा आणि ती “झकास!” म्हणायची. म्हातारपणी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आज पट्टी सुटली, तसा तो थेट चित्रांच्या खोलीत गेला आणि एकेक चित्र उजेडात धरू लागला. गेल्या सात वर्षांतलं ऊन निळं, गवत निळं, आणि खिडकीशी बसलेली बायको तर बुडून मेल्यासारखी निळी. मोतीबिंदूमुळे सगळं पिवळट दिसायचं, म्हणून तो निळा वाढवत गेला होता आणि त्या डोळ्यांना तेच रंग खरे वाटले होते. “अगं, तुला दिसत नव्हतं हे?” “दिसत होतं,” ती दारातूनच म्हणाली. “मग झकास कशाला म्हणायचीस? लोक हसले असतील!” डोळ्यांच्या औषधाचं झाकण तिनं उघडलं, पुन्हा बंद केलं. “मुलगा गेल्यापासून तुम्ही मुके झाला होतात. फक्त रंगवताना गुणगुणायचात. घरात तेवढाच एक आवाज उरला होता.”