पहिला हात

"पाऊण तास झाला, नुसती पिपाणी ऐकवतायत मेले," शर्नेट ओसरीवर पुटपुटली. विमान कंपनीचा फोन तिने कानाला लावून धरला होता. "माणसं काय झोपा काढतायत तिकडे?"

खिडकीच्या गजांमागे तिच्या आत्या, सगळ्या गावाच्या मिस इसिल्डा, खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सकाळी कोविडच्या तपासणीचा कागद आला: पॉझिटिव्ह. उद्याचं लंडनचं विमान हातचं गेलं. शुक्रवारी तिथे पदवी समारंभात त्यांची नात केझिया डॉक्टर होणार होती. या डोंगरातली पहिली. पलंगावर बॅग उघडीच होती: शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापल्या लंडनच्या लेकरांसाठी दिलेली पुडकी, भाजलेला नीरफणस, रममध्ये मुरवलेला काळा केक. आणि शेजारी डब्यात जांभळी टोपी.

परदेशी निघालेल्या माणसाच्या डोक्यावर आख्खं चर्च हात ठेवतं. गुरुवारी मिस इसिल्डांच्याही ठेवले होते. दुखणं कुठून आलं, हे सकाळपासून फाटकाशी येऊन गेलेल्या एकानेही विचारलं नव्हतं.

आत्ता तिथे चर्चमधली सिस्टर मर्विल उभी होती, एकावर एक दोन मास्क लावून.

"लागला!" शर्नेट ओरडली. मग तिचा आवाज खाली आला. "पुढच्या शनिवारची सीट आहे, आंटी. त्याआधी नाहीच म्हणतात. घेऊ?"

म्हणजे शुक्रवार उलटून आठवडा.

"थांब गं," मर्विल म्हणाली. "पोर्ट अँटोनियोत माझ्या भाच्याचा छापखाना आहे. संध्याकाळपर्यंत दुसरा कागद काढून देईल. निगेटिव्ह. शिक्क्यासकट. देवालासुद्धा कळायचं नाही."

"देवाचं राहू दे, मर्विल. केझियाला कळेल." मिस इसिल्डांना खोकला आला. तो त्यांनी रुमालात जिरवला. "पोरगी सहा वर्षं घासून डॉक्टर होतेय, आणि आजीने खोटा कागद घेऊन विमानभर खोकत जायचं? शर्नेट, शनिवारची घे."

त्यांनी डब्यातून टोपी काढली, डोक्यावर बसवली आणि खिडकीच्या काचेत बघून किंचित तिरकी केली.

"शुक्रवारी पहाटे, तिकडे समारंभ सुरू झाला की, तो फोनवर लावून फोन त्या कठड्यावर ठेव, मोठा आवाज करून. मी इथे आत, या टोपीत. बाकी सगळे फाटकाबाहेर, रविवारचे कपडे घालून. चुरगळलेला शर्ट दिसला तर हाकलून देईन. आणि टाळ्या अशा वाजवा की लंडनला ऐकू जातील." त्या हसल्या. "मर्विल, तू सगळ्यांत पुढे. तुझ्याएवढा घसा आहे कुणाचा?"

मर्विलने फाटकाची कडी धरली.

"मी नाही येणार."

"का गं? भाच्याला नको म्हटलं म्हणून फुगलीस?"

शर्नेट फोनवर आत्याच्या नावाची अक्षरं सांगत होती, ती मध्येच थांबली.

"गुरुवारी तुझ्या डोक्यावर पहिला हात माझा होता, इसिल्डा," मर्विल म्हणाली. "तीस वर्षं तो मान माझा आहे. सोडवला नाही. अंगात ताप होता माझ्या, आणि मला माहीत होतं."