हिला कुवेत सोडवत नाही

"मी तर केव्हाच बाडबिस्तरा गुंडाळला असता, पण हिला कुवेत सोडवत नाही," रविकांत म्हणाला, आणि जेवायला आलेले प्रताप आणि प्रभा नेहमीसारखे हसले. पद्मजाने प्रतापच्या भातावर पापलेटचं कालवण वाढलं. नवऱ्याचं हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. कोण कुठे हसणार, हेही पाठ होतं.

शुक्रवारची दुपार होती. रुमैथियातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दर सुटीला कोणी ना कोणी जेवायला असायचं आणि दर वेळी हे वाक्य व्हायचंच. बडोद्याची नोकरी चालून आली तेव्हा झालं, विशाखापट्टणमची आली तेव्हाही झालं. दोन्ही वेळा रविकांतने आधी "तू म्हणशील तसं" म्हटलं होतं, आणि तिने तोंड उघडायच्या आत तिच्या वतीने नकारही देऊन टाकला होता. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून ती गप्प बसली. एकदा गप्प बसलं की पुढच्या वेळी बोलणं आणखी जड जातं. आता तर अहमदीतल्या त्याच्या ऑफिसपासून मराठी बायकांच्या हळदीकुंकवापर्यंत सगळ्यांची खात्री पटली होती, की बिचाऱ्या रविकांतला हिनेच बांधून ठेवलं आहे.

आणि कुवेत न सोडवणारी ही बाई दिवसभर करायची काय? हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागात एक्स-रे काढायची. खोलीला खिडकी नाही, दाराला शिशाचा पत्रा. घाबरलेल्या बाईला टेबलावर झोपवायचं, आडोशाला जायचं आणि अरबीत सांगायचं, श्वास रोखून धरा. बटण दाबायचं. मग बाहेर येऊन म्हणायचं, झालं, फोटो निघाला, आता श्वास सोडा. मुलगी उल्का शाळा सुटल्यावर कधी कधी तिथे येऊन बसायची आणि घरी आईची हुबेहूब नक्कल करायची. पद्मजा हसायची. पण तिला स्वतःला 'झालं, आता सोडा' म्हणणारं कोणी नव्हतं.

तिला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. वेंगुर्ल्याला तिची आई एकटी राहत होती. कानाने ठार बहिरी, त्यामुळे ट्रंक कॉल लागला तरी उपयोग नसायचा. शेजारचा लवू फोन घ्यायचा आणि काकी बरी आहे एवढंच ओरडून सांगायचा. गेल्या सुटीत आईने तिचा चेहरा हाताने चाचपून पाहिला होता, कारण आता डोळेही दगा द्यायला लागले होते. या वेळची नोकरी मंगळूरची होती. खताच्या कारखान्यात, चांगल्या हुद्द्याची. मंगळूर म्हणजे तोच समुद्र, तीच लाल कौलं, आणि सकाळी बसमध्ये बसलं की रात्री आईच्या दारात. उद्या टेलेक्सने उत्तर पाठवायचं होतं.

"म्हणजे मंगळूरलाही नकारच कळवणार?" प्रभाने विचारलं.

"काय करणार? हिचं हॉस्पिटल," रविकांत म्हणाला.

पद्मजाने कालवणाचं भांडं खाली ठेवलं. "हॉस्पिटल सुटलं," ती म्हणाली. "मी परवा राजीनामा दिला. मी मंगळूरला जायला तयार आहे."

या वेळी कोणी हसलं नाही. प्रताप कालवलेलाच भात पुन्हा कालवत राहिला. रविकांतचा चेहरा आधी उतरला, मग त्यावर ते जुनं हसू परत आलं.

"अरे वा," तो म्हणाला. "पण उल्काच्या शाळेचं काय? मी तर उद्या निघेन, पण हिला कुवेत सोडवत नाही."

तेच वाक्य, तोच सूर. फक्त बोट आता मुलीकडे होतं. स्वतः सुटायच्या नादात पद्मजाने आपल्या जागेवर पोरीला उभं केलं होतं.

उल्का चौदा वर्षांची. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची तिची सवय. आज तिने सोलकढीचा पेला बाजूला सारला आणि ती मराठीत बोलली. "बाबा, मला खरंच नाही जायचं. माझ्या सगळ्या मैत्रिणी इथे आहेत. पण मी येईन. तुम्ही माझं नाव सांगू नका."

पाहुणे बडीशेपही न घेता उठले. दार लागलं. उल्का आपल्या खोलीत निघून गेली. रविकांत उष्ट्या हाताने तसाच ताटावर बसून होता. आता हा चिडेल, असं पद्मजाला वाटलं. तिची तयारी होती. इतक्या वर्षांची उत्तरं तिच्या ओठांवर येऊन थांबली होती.

"मलाच नव्हतं जायचं," तो ताटाकडे बघत म्हणाला. "कधीच नव्हतं. इथे एकच मशीन सांभाळतोय मी इतकी वर्षं, आणि लोक साहेब म्हणतात. तिकडे गेल्यावर सगळ्यांना कळेल, की मला दुसरं काही येत नाही." तो थांबला. "उद्या हो म्हणून कळवतो. पण मला भीती वाटते गं."

हे ऐकायला मिळालं की आपण जिंकलो, असं ती कायम समजत आली होती. आता ऐकलं, आणि तिला त्याची कीव आली. त्याचे खांदे ताठरले होते, छाती रोखलेल्या श्वासाने भरलेली होती, डोळे त्याने मिटून घेतले होते. असा माणूस तिने रोज टेबलावर पाहिला होता. घरात पाहिला नव्हता.

ती त्याच्या शेजारी बसली आणि आपल्या रोजच्या कामाच्या आवाजात म्हणाली, "झालं. फोटो निघाला. आता श्वास सोडा."