वकीलसाहेब बोललेच नाहीत

मी सिल्वासात वकिली करतो आणि रविवारी कोर्टाच्या कथा लिहितो. कथेतला माझा वकील टेबलावर मूठ आपटतो, साक्षीदाराला घाम फोडतो, आणि वाचक ती कथा फोनवरून गावोगाव पाठवतात.

राखोलीच्या एका कारखान्याने चोरीचा आळ घेऊन वाल्मिकला कामावरून काढलं होतं. तीन वर्षं मी त्याची केस लढलो. परवा शेवटची सुनावणी होती. माझ्या कथा वाचून त्याचे आठ नातेवाईक शिरपूरहून खास मला ऐकायला आले होते. मी गेटवरच्या हजेरीचं एक पान पुढे केलं, दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. चोरीच्या दिवशी वाल्मिक सुट्टीवर होता, हे त्यावरून सिद्ध झालं. आळ पुसला गेला, नोकरीही परत मिळाली.

बाहेर आल्यावर वाल्मिक माझा हात धरून रडला. मग डोळे पुसत, नातेवाइकांकडे बघत हळूच म्हणाला, "साहेब, वरच्या कोर्टात जाऊ या का?"

"अरे, आपण जिंकलो ना!"

 

"जिंकलो हो साहेब. पण मंडळी दोन बस बदलून आलीत. तिथं तरी तुम्ही काही बोलाल!"