पातळी ठीक

"मला काढताय ते काढा, पण माझी नक्कल कशाला करतेस, बाई?" पंपघरातले काका म्हणाले.

प्रोग्रॅमर हसली. "तुमचा हा जुना प्रोग्रॅम म्हणजे जावईच. समोर माणूस दिसला नाही की रुसतो."

ते खरंच होतं. दर दहा मिनिटांनी तो विचारायचा, 'पातळी ठीक?' उत्तरं एकसारखी, झटपट आली की माणूस डुलक्या काढतोय असं समजून तो पंप बंद करायचा.

"म्हणून त्याला फसवायचं. माझा प्रोग्रॅम एक खोटं टर्मिनल उघडतो. याला वाटतं, समोर कीबोर्ड आहे, माणूस आहे."

"आणि माणसासारखं टाइप कसं करणार?"

"तुमच्यासारखं. नोंदी पाहिल्यात मी. दुपारी तुम्ही रेंगाळता. 'ठीक' लिहिताना चुकता, खोडता, पुन्हा लिहिता. सगळं उतरवलंय."

काका कीबोर्डवर बोटं ठेवून पडद्याकडे बघत राहिले. पंपघरावर आधी काकू होत्या. त्या गेल्यावर ही जागा काकांना मिळाली, त्याला तीन वर्षं झाली होती.

"भांडारात घेतलंय तुम्हाला. पगार तोच, आणि दर दहा मिनिटांची कटकटही नाही."

"पगार कमी करा हवा तर. इथे बसू दे."

"रिकामं बसून काय करणार?"

"काही नाही. बसेन."

तिला वाईट वाटलं. म्हातारपणी खुर्ची सुटत नाही, हे तिने घरीही पाहिलं होतं.

"आठवडाभर जड जाईल, काका. मग होईल सवय."

काका पुन्हा पडद्याकडे वळले.

दुपारी बदल करायचा ठरला. काकांची आणि तिच्या प्रोग्रॅमची उत्तरं एकदम गेली असती तर घोळ झाला असता, म्हणून तिने आधी कीबोर्डची वायर उपसली. काका उठून बाजूला उभे राहिले.

पडद्यावर प्रश्न आला. आपला प्रोग्रॅम सुरू करायला ती वळली, तोच एक अक्षर उमटलं. थांबलं. दुसरं चुकलं, खोडलं गेलं. मग सावकाश पूर्ण झालं, 'ठीक'.

वायर तिच्या हातातच होती.

"माझा तर अजून सुरूच केला नाही."

"माझा चालू आहे," काका म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मी इथे कधी टाइप केलंच नाही."

"मग हे रेंगाळणं, हे चुकणं कुणाचं?"

"तुझ्या काकूचं. शेवटच्या महिन्यात तिच्या शेजारी बसून उतरवून घेतलं होतं."